जुनी भव्य सिनेमा-पोस्टरे रद्दीत जाऊ न देता जतन करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा

विषय : जिल्ह्यातील जुन्या मोठ्या आकाराच्या पोस्टरांचे संकलन, दुरुस्ती व साठवण.

महोदय,

जिल्ह्यातील एकपडदा चित्रपटगृहे आणि जत्रांतल्या टूरिंग टॉकीज बंद पडत गेल्या, तरी त्यांच्या माळ्यांवर पोस्टरांचे गठ्ठे उरले आहेत. इमारतीचा सौदा झाला की आधी हेच गठ्ठे रद्दीत जातात. ते थांबवून त्यांच्या दुरुस्तीची सोय जिल्ह्यातच करावी, अशी आमची मागणी आहे.

यात जपण्यासारखे काय, असा प्रश्न निघेलच. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याची ओळख उरली ती छायाचित्रांतून आणि जाहिरातीच्या कागदांतून. बाबूराव पेंटरांनी ‘कल्याण खजिना’साठी (१९२४) केलेले पोस्टर तर भारतीय पोस्टरकलेच्या इतिहासात आरंभीचे मानले जाते. आपल्या गठ्ठ्यांत इतके जुने काही सापडेल असा आमचा दावा नाही. पण वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला कोणता सिनेमा कसा विकला गेला, हे याच कागदांवर आहे.

हे कागद टिकण्यासाठी छापलेच नव्हते. शुक्रवार ते गुरुवार एवढेच त्यांचे आयुष्य. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यात मलकापूर-खामगावकडचा उन्हाळा, पत्र्याखालची खोली, मग पावसाळ्याची ओल. एक शीट साधारण ३० बाय ४० इंचांची. सहा शीटचे पोस्टर माणसापेक्षा उंच होते, म्हणून ते घडी घालूनच ठेवले गेले आणि आता नेमके घडीवरच फाटते. खळ लागलेल्या कागदावर कसर आधी येते, हे वेगळेच.

मात्र सर्वांत मोठे नुकसान हौशी दुरुस्तीने होते, हे स्पष्ट सांगणे भाग आहे. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. लॅमिनेशन केलेले पोस्टर पुन्हा सोडवता येत नाही. प्लायवूडवर चिकटवलेल्या पोस्टराचीही तीच गत. म्हणून शासकीय अनुदानातून पोस्टरांचे लॅमिनेशन करण्यास लेखी मनाई करावी, ही आमची सर्वांत आग्रहाची मागणी.

योग्य पद्धत संथ आहे, पण अवघड नाही. मऊ ब्रशने धूळ काढायची, शाई पाण्यात सुटते का ते कोपऱ्यावर तपासायचे, शक्य तिथे आम्ल कमी करायचे, मग गव्हाच्या स्टार्चच्या खळीने मागून जपानी कागदाचा आधार द्यायचा. ही खळ पुढे पाण्याने सोडवता येते. यासाठी सहा शीट एकत्र पसरतील एवढे टेबल, आम्लरहित कागद, सपाट कप्प्यांची कपाटे व मोठ्या व्यासाच्या नळ्या लागतील. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयामार्फत गळती नसलेली एक खोली द्यावी आणि खर्चाची तरतूद जिल्हा वार्षिक योजनेत करावी.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राकडून किंवा लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेकडून इथल्या ग्रंथपालांना प्रशिक्षण मिळावे, यासाठी आपण पत्रव्यवहार करावा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे (स्थापना १९६४) कोणती पोस्टरे आधीच आहेत तेही विचारावे, म्हणजे दुर्मीळ प्रती आधी हाती घेता येतील. स्कॅनिंग जरूर करावे. स्कॅन झाले म्हणून मूळ प्रत निकाली काढू नये.

तोवर नगरपरिषदांनी जुन्या चित्रपटगृहांच्या पाडकामाला परवानगी देताना आतील कागदपत्रांची पाहणी सक्तीची करावी. ही अट पावसाळ्यापूर्वी लागू व्हावी.

आपले विश्वासू,
बुलढाणा जिल्ह्यातील चित्रपटगृहांचे माजी कामगार, ग्रंथपाल व रसिक नागरिक

प्रत : जिल्हा ग्रंथालय अधिकारी, बुलढाणा