कागद नसलेल्यांची जात

१९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे टेक्सास राज्याचा एक कायदा आला. ज्या मुलांकडे देशात राहण्याचे कायदेशीर कागद नाहीत, त्यांच्या शिक्षणासाठी शाळांना पैसा मिळणार नाही, असा तो कायदा. प्लायलर विरुद्ध डो हा तो खटला. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. न्या. ब्रेनन यांनी निकालपत्रात वापरलेला एक शब्द आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. स्वस्त मजूर म्हणून ज्यांना राहू दिले जाते, पण समाजाचे लाभ मात्र नाकारले जातात, अशांची कायमची 'कास्ट' निर्माण होण्याचा धोका त्यांनी बोलून दाखवला. कास्ट! म्हणजे जात. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जात म्हणजे दारे बंद केलेला वर्ग, अशी मांडणी केली होती. बिनकागदी स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा द्यावा की नाही, हा वाद याच दाराचा आहे. आणि तो दूरचाही नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते.

दार बंद असले की काय होते, हे २००२ च्या हॉफमन प्लास्टिक खटल्यात दिसते. युनियनची खटपट केली म्हणून मालकाने कामगाराला काढले. हे काढणे बेकायदेशीरच होते. परंतु कामगाराने दुसऱ्याच्या कागदांवर नोकरी मिळवली होती, म्हणून बुडालेला पगार त्याला मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच-चारनेच ठरवले. मालकाला शिक्षा काय? पुन्हा असे करू नका आणि तशी नोटीस लावा! असा निकाल हाती आल्यावर कोणता मालक कागद असलेला कामगार शोधत बसेल?

दार एकदा उघडलेही होते, तेही रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांच्या काळात. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. अट होती १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून सलग वास्तव्याची. शेतमजुरांना ९० दिवसांचे काम दाखवले तरी चालत होते. रोख मजुरीवर राबणाऱ्याकडे पावती कुठली? म्हणून शेतमजुरांच्या बाबतीत वाजवी अनुमान निघेल एवढा पुरावा पुरे, अशी तरतूद कायद्यातच होती. वकील म्हणून मला ही तरतूद फार मोलाची वाटते. नोकरशाहीने मात्र आपला रंग दाखवलाच. मध्ये थोडे दिवस परदेशी जाऊन आलेल्यांना अपात्र ठरवले, काहींचे तर अर्जच खिडकीवरून परत केले. त्यावरचे खटले २००४ च्या तडजोडीपर्यंत चालले.

माफी दिली म्हणून लोंढे वाढले, असे विरोधक सांगतात. आकडा वाढला हे खरे आहे. परंतु १९८२ नंतर आलेले त्या कायद्याने बाहेरच ठेवले होते, आणि मालकाला दंड केव्हा, तर त्याने जाणूनबुजून कामावर ठेवल्याचे सिद्ध झाले तर. कागदावर नजर टाकली की मालक सुटला.

त्यानंतर २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी तेरा वर्षांच्या वाटेचे विधेयक मंजूर केले. खालच्या सभागृहाने ते मतालाही घेतले नाही. बायडन यांचा २०२१ चा आठ वर्षांचा प्रस्तावही तसाच बारगळला. जुलै २०२५ मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून आणखी एक विधेयक मांडले. सात वर्षांत सात हजार डॉलर भरा, काम करत राहा, परवाना घ्या. नागरिकत्व मात्र नाही. म्हणजे कर भरायचा, घाम गाळायचा आणि मत कधीच द्यायचे नाही. ही परवाना असलेली जातच झाली. तरीही ते सरळ फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. असा परवाना हाती असता तर हॉफमनच्या त्या कामगाराचा पगार न्यायालयाला बुडवता आला नसता.