घोड्याला नऊ तास, माणसाला किती?

ओझे वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी देशात १९६५ पासून नियम आहेत. दिवसभरात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. सलग पाच तासांहून जास्त राबवायचे नाही, मध्ये विश्रांती द्यायची. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवायचे. तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त ओझे लादायचे नाही, इतका तपशील त्यात आहे. हे नियम किती पाळले जातात, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण कागदावर का होईना, घोड्याच्या थकव्याला माप आहे. त्याच घोड्याचा लगाम धरून चढ चढणारा माणूस मात्र घोड्याच्या आधी कामाला लागतो आणि त्याची चंदी-वैरण झाल्यावरच घरी जातो. त्याचे तास कुणी मोजत नाही.

माथेरानमध्ये सध्या जे चालले आहे ते या बाजूनेही पाहायला हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा अमानवी आहे, असे न्यायालयाने ठणकावले आणि ९४ हातरिक्षाचालकांसाठी ई-रिक्षांचा मार्ग दाखवला. निर्णय योग्यच होता, किंबहुना उशिराच आला. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तेव्हापासून घोडेवाल्यांच्या मनात धाकधूक आहे. दस्तुरी नाक्यापासून गावापर्यंतची वाट हीच त्यांची मुख्य कमाई, आणि तीच आता वाटून घ्यावी लागणार आहे. मार्च २०२५ मध्ये तर काही घोडेवाले आणि एजंट पर्यटकांची दिशाभूल करतात, या तक्रारीवरून गावातल्या हॉटेलवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता. फसवणुकीचे समर्थन होऊ शकत नाही. पण या सगळ्या चर्चेत रोजगार आला, पर्यावरण आले, पेव्हर ब्लॉक आले, घोड्यांची हेळसांडही आली. घोड्यामागे चालणाऱ्या माणसाची प्रकृती तेवढी कुठे आली नाही.

या प्रकृतीला वैद्यकशास्त्रात एक शब्द आहे, बर्नआउट. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो वापरात आणला, तो सेवाभावी दवाखान्यांत राबणाऱ्यांची दशा पाहून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली. ती करताना हा आजार नसून कामाच्या जागी उद्भवणारी स्थिती आहे, असे स्पष्ट म्हटले. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आजार म्हटला की माणसावर उपचार करायचे. स्थिती म्हटली की कामाची जागा तपासायची. या स्थितीची लक्षणे तीन. अंगातले त्राण संपल्यासारखे वाटणे. कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा येणे. आणि आपल्या हातून काही नीट होत नाही, अशी भावना बळावणे. दोन रात्री झोप काढली की जातो तो साधा थकवा. बर्नआउट झोपेने जात नाही.

कार्यालयात बसून काम करणाऱ्यांविषयी हे सगळे आता पुष्कळ बोलले जाते. रजा घ्या, फोन बंद ठेवा, छंद जोपासा. घोड्यांवर पोट असणाऱ्याला यातले एकही चालत नाही आणि त्याचे कारण घोड्याच्या पोटात आहे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, साधारण आठ ते पंधरा लिटरचे असते. त्यात आम्ल सतत पाझरत राहते, पोटात अन्न असो वा नसो. त्यामुळे सकाळी एकदा भरपूर खायला घालून मोकळे होता येत नाही. चंदी आणि वैरण थोडी थोडी, दिवसातून अनेकदा द्यावी लागते. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशूळ उठला तर तो जिवावर बेतू शकतो, आणि पशुवैद्य येईपर्यंतची रात्र मालकाने नाहीतर मोतद्दाराने जागून काढायची असते. खरारा, खुरांची सफाई, पाणी, दर चार-सहा आठवड्यांनी नालबंदाकडची फेरी, हे रविवारीही चुकत नाही आणि गिऱ्हाईक नसले तरी चुकत नाही. ट्रॅक्टर बंद करून ठेवता येतो. घोडा बंद करता येत नाही.

कामातून सावरण्यासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे काही तास ते काम मनातून पूर्ण बाजूला पडणे, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांचे संशोधन सांगते. नुसते शरीराने घरी येणे पुरेसे नाही. ज्याच्या घराला लागूनच तबेला आहे, रात्री खूर आपटल्याचा आवाज आला की ज्याचे डोळे उघडतात, त्याच्या वाट्याला हे तास येणार कुठून?

दुसरा धागा पैशाचा आणि हुकमतीचा. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेले सूत्र आजही टिकून आहे. नुसत्या जास्त कामाने माणूस जितका खचत नाही, तितका तो जास्त काम आणि त्यावर स्वतःचा शून्य ताबा, या जोडीने खचतो. माथेरानच्या घोडेवाल्याच्या हातात काय आहे? दर तो एकटा ठरवत नाही. रस्ता कसा असावा, हे न्यायालय आणि समित्या ठरवतात. गिऱ्हाईक पावसावर आणि शाळांच्या सुट्ट्यांवर अवलंबून. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडीही बंद असते, पर्यटक रोडावतात, घोड्याची भूक मात्र तेवढीच राहते आणि सततच्या ओलीमुळे खुरांची दुखणी वाढतात. ज्याचा घोडा स्वतःचा नाही, जो दुसऱ्याच्या घोड्यामागे मजुरीने धावतो, त्याची गत याहून वाईट. कष्ट आणि मोबदला यांच्यातली तफावत वर्षानुवर्षे राहिली तर हृदयविकाराचा धोका वाढतो, हे योहानेस झीगरिस्ट आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी दाखवले आहे. मग हा प्रश्न नुसता मनाचा उरत नाही.

आणि तो एकट्या माणसाचाही उरत नाही. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग घोड्यांच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. काही माणसांना घोडा धरून किंवा घोड्यावर बसून एका ठरावीक अंतरावर फेऱ्या मारायला सांगितल्या. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितले, की आता वाटेत एकजण अचानक छत्री उघडणार आहे. छत्री प्रत्यक्षात उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीची काहीही कल्पना नव्हती त्या घोड्यांचेही वाढले. घोडा हा शिकार होणारा प्राणी. सोबत्याच्या स्नायूंतला ताण, लगामावरची पकड, बदललेला श्वास हे त्याला तत्काळ कळते. त्रासलेल्या, चिडलेल्या, अर्धवट झोपेतल्या माणसाच्या हातातला घोडा म्हणून अधिक बुजतो. त्याच्या पाठीवर त्या वेळी कुणाचे तरी मूल बसलेले असते.

घोडेवाल्यांच्या चाबकाचे चित्रीकरण करून समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांनी हा दुवा लक्षात घ्यायला हवा. प्राण्याला मारणे गुन्हाच आहे. पण कामाविषयी आणि कामातल्या जिवाविषयी कोरडेपणा येणे हे बर्नआउटचे दुसरे लक्षण आहे, आणि ते रुग्णालयातल्या परिचारिकेत दिसते तसेच तबेल्यातही दिसू शकते. प्राणीकल्याण आणि माणसाचे कल्याण यांना एकमेकांसमोर उभे करण्याची सवय इथे दोघांनाही महागात पडते.

शर्यतींचे जग वरून झगमगीत दिसते. तिथेही चित्र फार वेगळे नाही. महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांचा सराव सूर्य उगवण्याच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे साईसचा दिवस अंधारातच सुरू झालेला असतो. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात, पुण्याचा पावसाळ्यात. घोड्यांबरोबर माणसेही बिऱ्हाड मागे ठेवून फिरतात. जॉकींना वजनाचा जाच वेगळा. शर्यतीआधी उपाशी राहणे, घाम गाळून शरीरातले पाणी कमी करणे हे या पेशात जगभर चालते. आयर्लंडमध्ये व्यावसायिक जॉकींचा अभ्यास झाला तेव्हा बहुसंख्य जॉकींमध्ये नैराश्य, चिंता किंवा तत्सम त्रासाची लक्षणे आढळली आणि त्यांचा बर्नआउटशी संबंधही दिसला. तिथे निदान मोजणी झाली.

या कामातले एक दुःख तर बोललेही जात नाही. दहा-बारा वर्षे सांभाळलेला घोडा जातो, किंवा ग्लँडर्ससारख्या संसर्गाचे निदान झाल्यावर कायद्यानुसार त्याला दयामरण द्यावे लागते. कमावता सोबती गेलेला असतो. पण जनावरासाठी सुतक नसते, रजा नसते, कुणी भेटायला येत नाही. ज्या दुःखाला समाजाची मान्यता नाही ते आतल्या आत साचते, असे केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिले. मोतद्दार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घोड्याला खरारा करायला हजर असतो.

मग करायचे काय? एकेकट्याने विश्रांती घेण्याचा सल्ला इथे फोल आहे, कारण घोड्याला रोज कुणीतरी लागतेच. विश्रांती इथे पाळीनेच मिळू शकते. चार-पाच घरांनी मिळून रात्रीची देखरेख वाटून घेतली तर प्रत्येकाला आठवड्यातल्या बहुतेक रात्री सलग झोप मिळते. याला सरकारी मंजुरी लागत नाही, शेजाऱ्यावर विश्वास लागतो. शेतीत सावड घालणाऱ्या प्रदेशाला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. गिऱ्हाईक मिळवण्यासाठीची धक्काबुक्की हा दिवसातला मोठा ताण. नाक्यावर क्रमांकाने घोडे सोडणे, दरफलक ठळक लावणे आणि पैसे एकाच खिडकीवर घेणे यातून तो उतरतो, पर्यटकांची तक्रारही कमी होते. राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या विम्यात घोडे आणि खेचरेही येतात, आणि २०२४ पासून लाभार्थ्याच्या वाट्याचा हप्ता १५ टक्क्यांवर आणला आहे. घोडा गेला तर सगळेच गेले, ही रात्रीची टोचणी थोडी तरी बोथट करणारी ही तरतूद आहे. ती दस्तुरी नाक्यापर्यंत पोहोचवणे पशुसंवर्धन विभागाचे काम.

घरच्यांनीही काही खुणा ओळखाव्यात. ज्या घोड्याशी माणूस एरवी बोलत असे त्याच्याकडे तो पाहीनासा होतो, खोगीर कसताना चुका होऊ लागतात, लहानशा गोष्टीवरून हात उगारला जातो, संध्याकाळची दारू दुपारवर येते. झोप, भूक आणि जगण्यातली गोडी दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्याला उपचार आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते.

राहिला तो नऊ तासांचा नियम. मालवाहू घोड्यांना तो सरळ लागू आहे. गॅसच्या टाक्यांपासून भाजीपाल्यापर्यंत माथेरानचा बराच संसार त्यांच्या पाठीवरून वर जातो. प्रत्येक घोडा किती वाजता जुंपला आणि किती वाजता सोडला याची नोंद नाक्यावर होऊ लागली, तर त्याच ओळीत लगाम धरणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहायला एक जादा रकाना पुरेल.