पूररेषा कोणत्या तासाला शिकवायची?

चिखलीत इंद्रायणीकाठी उभे राहिलेले ३६ बंगले १७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने जमीनदोस्त केले. ते नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२४ मध्ये आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला, तेव्हा कुठे जेसीबी नदीकाठी पोहोचले. बांधणारे, विकणारे, विकत घेणारे आणि डोळेझाक करणारे यांत कोणाचा दोष किती, यावर पुष्कळ बोलले गेले. पण ही निळी रेषा म्हणजे नेमके काय, हे आपल्याला शाळेत कोणत्या तासाला कळायला हवे होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. भूगोलाच्या? गणिताच्या? की नागरिकशास्त्राच्या? खरे उत्तर ‘तिन्ही’ असे आहे, आणि तिथेच आपल्या शालेय शिक्षणाची अडचण सुरू होते.

इंद्रायणी देहूकडून येते आणि तळवड्याच्या शिवेवरून चिखली, मोशी करत आळंदीला जाते. नदीपलीकडे चाकणचा औद्योगिक पट्टा. पूररेषेचा प्रश्न शेवटी हवामान बदलाशीच जाऊन भिडतो, आणि तळवडे, रुपीनगर भागातल्या मुलांना तो समजण्यासाठी वितळणाऱ्या हिमनगांच्या चित्राची गरज नाही. २०२५च्या उन्हाळ्यात राज्यभर प्राथमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.१५ अशी करावी लागली, ती उष्णतेमुळेच. हवामान बदल शाळेच्या वेळापत्रकात शिरला आहे. अभ्यासक्रमात मात्र तो अजून पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसतो.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात १९९१ मध्येच सांगितले. आपल्याकडे परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा श्रेणी विषय आहे, ‘माझी वसुंधरा’ अभियानात युनिसेफच्या साह्याने शाळांसाठी अभ्यासक्रमही तयार झाला. पण श्रेणी विषयाचे आपल्याकडे काय होते, हे कोणत्याही पालकाला ठाऊक आहे. त्याच्या तासाला गणिताचा राहिलेला भाग उरकला जातो आणि वर्षाखेरीस प्रकल्पवही एकाची पाहून दुसरा उतरवतो. ज्या विषयाचे गुण मोजले जात नाहीत, त्याला शाळेत वजन नसते. म्हणून आणखी एक नवा विषय हा यावरचा उपाय नाही. आहेत त्याच विषयांत हवामान बदल शिकवायला हवा.

हे कसे जमेल, ते याच निळ्या रेषेवरून पाहता येते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ म्हटले की पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे. त्याचा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता. दहावीच्या बीजगणितात संभाव्यता हे प्रकरण आहे. तिथे नाणी आणि फासे यांच्या जोडीला हे उदाहरण घ्यावे. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९६; तिचा विसावा घात काढला की ०.४४ च्या आसपास उत्तर येते. म्हणजे वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते फिटेपर्यंत निळ्या रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के. हा हिशेब ज्या मुलीने एकदा केला, ती पुढे आयुष्यात कोणत्याही दलालाच्या गोड बोलण्याला भुलणार नाही.

भूगोलाच्या शिक्षकाने पुढचा प्रश्न घ्यावा. ही रेषा जुन्या पुरांच्या नोंदींवरून काढतात. पाऊसच बदलला तर ती जागच्या जागी राहील का? याचे उत्तर शोधायला परदेशी जायला नको. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला देशाचा हवामान बदल अहवाल सांगतो की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. त्याच सुमारास देशाचा एकूण मोसमी पाऊस मात्र सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पाऊस कमी आणि पूर जास्त, हे कोडे वर्गात सोडवण्यासारखे आहे. मग नागरिकशास्त्राचा तास. विकास आराखडा कोण करतो, परवानगी कोण देतो, लवाद कशासाठी असतो? सहावीच्या पुस्तकातली महापालिका मुलांना तेव्हा खरी वाटेल.

विज्ञानाचे उदाहरण तर घरातच आहे. या पट्ट्यातली असंख्य घरे वाहनांच्या सुट्या भागांवर चालतात. आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतक स्कूटर तयार होते, चाकणमध्ये इलेक्ट्रिक मोटारी बनतात. इंजिन आणि मोटर यांतला फरक शिकवताना पिस्टन, गिअर, सायलेन्सर बनवणाऱ्या वर्कशॉपचे पुढे काय, हा प्रश्न आपोआप येतो. वडिलांच्या नोकरीशी जोडलेले कार्बन उत्सर्जन मूल विसरत नाही.

आणि मराठी, इतिहास? तुकोबांच्या घरात मृत्यू घेऊन आलेला १६३०च्या सुमाराचा दुष्काळ शेजारच्या देहूचाच. तिथपासून १९७२च्या दुष्काळापर्यंत आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने गेलेल्या पाण्यापर्यंत एक सलग धडा होतो. उद्योगनगरीतल्या वर्गात मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले असतात. ‘आजोबांनी गाव का सोडले?’ या विषयावरचा निबंध बाजारातल्या गाइडमधून उतरवता येत नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही खरे आहेत. सर्वेक्षणे, मतदारयाद्या, निवडणुका आणि रोजची ऑनलाइन माहिती यांत शिक्षक आधीच पिचला आहे. आणि जे सगळ्यांचे, ते कोणाचेच नाही. प्रत्येक विषयात सांगितलेली गोष्ट कोणत्याच विषयात न शिकवली जाण्याचा धोका असतो. म्हणूनच ती शिक्षकाच्या हौसेवर सोडता कामा नये. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०२०मध्ये विषयवार मानके ठरवून सप्टेंबर २०२२ पासून अनेक विषयांत हवामान बदल आणला. कला आणि शारीरिक शिक्षणही त्यातून सुटले नाही. शिक्षकाला तयार उदाहरण, तयार आकडे आणि तयार प्रश्न मिळाले तर त्याचे काम वाढत नाही. फाशाच्या जागी पूररेषा येते, एवढेच.

महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम लागू होतो आहे. पुस्तके लिहिली जात असतानाच हे करायला हवे, कारण एकदा छापलेले पुस्तक वर्षानुवर्षे बदलत नाही. बालभारतीने प्रत्येक विषयाच्या अभ्यास मंडळाकडून हवामान बदलाची दोन-तीन गणिते, उतारे, प्रयोग मागून घ्यावेत. परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाने त्यावर गुणांचे प्रश्न विचारावेत. परीक्षेत येते तेच शिकवले जाते, हे कटू सत्य निदान एकदा कामी लावावे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने वाट पाहायचीही गरज नाही. पूररेषेचा नकाशा आणि आपापल्या भागातील पावसाची नोंद एवढे तिने येत्या जूनपूर्वी आपल्या प्रत्येक शाळेत पोहोचवावे. त्याला नवा निधी लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.