आमच्या रानातला ओढा

आमच्या घरात फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कसे आहात?" हा नाही, "पाऊस हाय का?" हा. पाथर्डी तालुक्यातली माणसं अशीच. मला पुण्यात येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी जून ते ऑक्टोबर नानांना (माझे थोरले चुलते) फोन केला की मी आधी तेच विचारतो. नानांचं उत्तरही पाठ झालंय, "कुठं बाबा. आभाळ येतं नि जातं."

सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्री साडेबाराला नानांचाच फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हणजे पोटात गोळा येतोच. मागे नुसता घोंघो आवाज. नाना ओरडून सांगत होते, "आरं, वढा गोठ्यात आलाय!"

मला क्षणभर कळेचना. आमच्या रानात ओढाच नाही. म्हणजे... होता. त्याच्यावर येतोच.

सकाळपर्यंत पाणी ओसरलं. जनावरं दाव्यांतून सोडल्यामुळे वाचली. कपाशी आडवी झाली, कांद्याचं रोप गेलं. पण ते पुन्हा करता येतं. खरं नुकसान म्हणजे तीस-पस्तीस गुंठ्यांतली माती गेली. पिकासकट, ढेकळासकट. खाली उरला पिवळा मुरूम. दादानं (नानांचा मुलगा) मोबाईलवर फोटो पाठवले, ते मी ऑफिसात कुणाला दाखवले तर एकानं विचारलं, "रस्त्याचं काम चाललंय का?"

त्या महिन्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत सगळीकडे हेच होतं. आपली सीना! नगरमध्ये उन्हाळ्यात तिला नदी म्हणायला जीभ रेटत नाही, पण तिनं खाली सोलापूर जिल्ह्यात माढा-मोहोळची गावंच्या गावं पाण्यात घातली. ऑक्टोबरात सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख असं होतं. 'खरडून गेलेली जमीन' हा शब्द आम्ही त्या दिवसांत पहिल्यांदा आपल्या नावापुढे वाचला.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा जो तो एकच शब्द बोलत होता. हवामान बदल. चहाच्या टपरीवर हवामान बदल, सोसायटीच्या ओट्यावर हवामान बदल. पूर्वी जिथं "देवाची करणी" म्हणायचे तिथं हा शब्द जाऊन बसलाय. आणि माझी कुरकुर नेमकी इथंच आहे.

शब्द खोटा नाही, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर मंडळी मला भलत्याच पंगतीत बसवतील. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. अरबी समुद्र तापलाय. पुण्यातल्याच आयआयटीएममध्ये (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी यावर फार आधी लिहून ठेवलंय. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५१ ते २००० या काळात मोठ्या पावसाचे दिवस वाढले आणि मध्यम पावसाचे घटले. त्यामुळे सरासरी पाहिली तर काही बदललंच नाही असं वाटतं. पुढे २०१७ मध्ये रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की या पट्ट्यात (आपला महाराष्ट्र त्यात आला) एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणारे अतिपाऊस १९५० ते २०१५ दरम्यान तिप्पट झाले. पाथर्डीच्या त्या एका रात्रीचा हिशेब यावरून मांडता येत नाही, त्याला वेगळा अभ्यास लागतो. पण फासे कुणीतरी जड करून ठेवलेत एवढं नक्की.

मात्र आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस नवा नाही. अकोल्यात घाटघर-रतनवाडीला जून-जुलैपासून हजारो मिलिमीटर पडतो, तो वेगळा देश. आपल्या पूर्वेच्या तालुक्यांत सगळा भरवसा परतीच्या पावसावर. उत्तरा, हस्त. त्याच्या ओलीवरच शाळू पेरायचा. आजी म्हणायची, हत्ती बरसला तर वर्ष निघालं. तर तो पाऊस मोठा असायचाच. बदललंय ते असं, की महिनाभराचा पाऊस आता दोन रात्रींत उरकतो. आणि त्यात आम्ही काय केलंय ते सांगायची वेळ आली.

२०१२ चा खरीप गेला होता. २०१३ च्या उन्हाळ्यात गावाला टँकर, जनावरं छावणीत. आमच्या रानाच्या मधून एक ओढा जायचा, वरच्या गर्भगिरीच्या डोंगरातून येणारा. सलग दोन वर्षं त्यात चूळ भरायलाही पाणी नव्हतं. काठाला करंज आणि बाभळी. नाना म्हणाले, कशाला एवढी जागा अडवून ठेवायची? जेसीबी लावला, बाभळी काढल्या, दोन्ही काठ आत लोटले, सपाट. पस्तीस गुंठे रान वाढलं. जेसीबीच्या तासांचे पैसे मी पाठवले होते. वर "छान केलंत नाना" असंही म्हणालो होतो. गावनकाशात तो ओढा अजून आहे. कायद्यानं ओढे-नाले सरकारचे, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण कोरड्या ओढ्याला कोण ओढा म्हणतंय!

आम्ही एकटेच नाही. त्या चार-पाच वर्षांत आमच्या शिवारातल्या निम्म्या नळ्या, ओहोळ असे गडप झाले. दुष्काळी माणूस पाऊस पडला तर काय होईल याचा विचार करतच नाही. आमची घरं, बांध, पूल, सिमेंटच्या दीड-दोन फुटी नळ्या सगळं 'पाऊस येणार नाही' या हिशेबानं बांधलेलं.

दिवाळीत मी कागदावर एक गणित मांडलं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. ६५ मिलिमीटर म्हणजे एका एकरावर साधारण दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर. छावणीच्या वर्षी येणारा टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे एकराला सव्वीस टँकर. आमच्या रानावर उतरणारा डोंगर ऐंशी एकरांचा धरला तर दोन हजारांहून जास्त टँकर. निम्मं मुरलं समजा, तरी हजार टँकर एका रात्रीत आमच्या गोठ्यावरून जाणार. आणि ही अतिवृष्टीची सुरुवातीची रेघ, त्या रात्री पाऊस तिथं थांबला नव्हता.

नानांनी कागद बराच वेळ धरला. मग म्हणाले, "वढा काय नवा आला न्हाई. त्यो त्याच्या वाटंनंच आला." एवढं बोलून ते शेण काढायला उठले.

दादा मात्र भडकला. त्याचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्याला धड उत्तर देता आलेलं नाही. "गाड्या, एसी तुम्ही वापरायचे. धूर अमेरिकेनं नि चीननं करायचा. आणि रान सोडायचं कुणी, आम्ही? पस्तीस गुंठ्यांत वर्षाला कांदा किती निघतो सांगू का तुला?" माझी गाडी त्याच्याच अंगणात उभी होती. मी गप्प बसलो.

त्याचा राग खरा आहे. पण हवा तापवली कुणी याचा निकाल कधी लागेल तेव्हा लागेल, पाऊस तोपर्यंत थांबणार नाही. आपल्याच तालुक्यांशेजारी हिवरे बाजार आहे. तिथं दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात. डोंगरावर चर खणले ते दुष्काळासाठी, पण धो-धो पाण्याचा वेगही तेच चर मोडतात. ते आमच्या डोंगरावर करायला गाव एकत्र यावं लागेल, आणि आमचं गाव ग्रामपंचायत निवडणूक सोडून कशाला एकत्र येत नाही. ते माझ्या हातात नाही.

हातात आहे तो ओढा. दादाला मृगाच्या आधी बाहेरून गाळाची माती आणून तो मुरूम पुन्हा झाकायचाय, सपाट करायचाय. त्याचा जेसीबीवाल्याशी भावही ठरलाय. माझं म्हणणं, ओढ्याला त्याची बारा-पंधरा फुटांची वाट द्यावी, काठाला करंज लावावेत, उरलेलं रान भरून घ्यावं. वाटेत जाणारे गुंठे माझ्या हिश्श्यातून धरावेत. माझं पोट त्यावर नाही, दादाचं आहे, हे मला कळतं. आणि २०१३ चे जेसीबीचे पैसे माझे होते.

नाना अजून काही बोललेले नाहीत. आत्या, काका, तुम्ही हे वाचत असाल तर त्यांना फोन करा. पण आधी पावसाचं विचारू नका, नाहीतर पुढचा अर्धा तास त्यातच जाईल :)