घर चाकांवर न्यायचं, तर आधी ओटा मोजा



पूर्वी साठी जवळ आली की घरावर एक मजला चढवायचा की तीर्थक्षेत्री एक खोली घ्यायची, एवढीच चर्चा व्हायची. आता मोबाइलवर व्हिडिओ बघून आपली पुरुष मंडळी म्हणतात, "घर विकू, कॅम्पर बनवू, गाडीतच राहू." त्यांच्या बोलण्यात फोर बाय फोर असतं, मोठाले टायर असतात, लडाख-स्पिती असतं. पाणी कुठून भरायचं, पोळ्या कुठे लाटायच्या, संडासाची टाकी कोण रिकामी करणार, हे त्यात नसतं. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या गाडीत बारा महिने राहायचं तिचा आराखडा पाणी आणि ओट्यापासून सुरू व्हावा, आणि तो जिचं काम तिथे चालणार तिच्या हातून व्हावा. तसं होणार नसेल तर होकार देऊ नका.

मी गाडीच्या विरोधात नाही. आमच्या दिघोरीहून साकोलीला येऊन हमरस्त्याला लागलं की रामटेक, मुक्तागिरी, कारंजा, शिरपूर, भद्रावती सगळं आपल्या आवाक्यात. पण वाटेत कांदा-लसणाशिवाय, गाळलेल्या पाण्याचं, सूर्यास्ताच्या आत जेवण कुठे मिळतं? आपलं स्वयंपाकघर आपल्यासोबत चालणं हे आपल्या बायकांसाठी मोठंच सुख आहे. सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण ते पर्यटनाचं आहे. चार दिवसांची सहल वेगळी आणि बारा महिन्यांचा संसार वेगळा. सहलीत पाणी संपलं की गंमत वाटते, संसारात त्याच गोष्टीवरून भांडण होतं.

आता पाण्याचाच हिशोब करू. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. दोघांचे ११० झाले. तीन दिवसांचं पाणी म्हणजे ३३० लिटर, म्हणजे ३३० किलो. त्यावर बॅटऱ्या, प्लायवूडची कपाटं, गाद्या, डबे. गाडीच्या आर.सी.वर तिचं एकूण वजन किती चालतं ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. बहुतेक ठिकाणी सगळं सामान चढल्यावर उरलेल्या वजनात पाणी बसवतात आणि मग बाईला सांगतात, जपून वापर. मी म्हणते, आधी पाणी मांडा, उरलेल्यात बाकीचं. टाकीचं तोंडही एवढं मोठं हवं की गाळणं धरता येईल आणि आत हात घालून घासता येईल. ज्या विहिरीचं पाणी भरलं तिथेच जिवाणी परत सोडायची, तर घाईने पाइप लावून पुढे निघता येत नाही. तेवढा वेळ प्रवासात धरा.

मग चूल. गाडी बांधणारे सांगतात, "वहिनी, इंडक्शन घ्या, वर सोलर आहे." हिशोब विचारा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट वीज. १५०० वॅटची शेगडी दिवसात दीड तास चालली तरी सव्वादोन युनिट गेले. छतावरचे ४०० वॅटचे पॅनल कडक उन्हात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतील. आपल्याकडे जुलै-ऑगस्टची झड लागली की त्याच्या निम्म्याचीही खात्री नाही. म्हणजे पंखा, फ्रिज, दिवे चालण्याआधीच वीज संपली.

गॅस घ्यायचा तर तो गमतीने घेऊ नका. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराईत उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात, लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंनी लपवून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि ९ जण गेले. तीही तीर्थयात्राच होती. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा झोपायच्या जागेपासून पूर्ण बंद हवा, त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं, आणि गॅस गळला तर वाजणारं यंत्र खाली, जमिनीलगत हवं. हे खर्चाच्या यादीत नसेल तर कागद परत करा.

ओटा तुमच्या उंचीचा करून घ्या. नात्यातल्या एका काकूंच्या गाडीत मी दोन दिवस राहिले. ओटा काकांच्या मापाने झालेला, काकू पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या. फोडणीचा धूर सरळ गादीवर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या डब्यात त्या दिवसांत स्वयंपाक म्हणजे काय, हे व्हिडिओत दिसत नाही. शेगडी दाराजवळ हवी आणि बाहेर काढून मांडताही यायला हवी.

संडासाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. काढता येणारी टाकी साधारण २० लिटरची असते, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. नंतर ती कुठे ओतणार? कोणाच्या धानाच्या बांधीत? तलावाच्या काठी? साधू-साध्वींच्या पाच समित्यांमध्ये उत्सर्ग समिती आहे. आपली घाण कुठे टाकायची याचा विचार ज्या धर्माने व्रतात घातला, त्या घरची गाडी अंधारात नाल्याशी थांबलेली शोभत नाही. आणि टाकी ओतायचं काम कोणाचं, हे गाडी घ्यायच्या आधी ठरवा. न ठरवलेलं काम आपल्याच वाट्याला येतं, हे मी सांगायला नको.

"पण हा तर अपरिग्रहच झाला ना!" असं एक गृहस्थ मला ठासून म्हणाले. नाही झाला. घराच्या किमतीची गाडी घेतली की परिग्रहाला फक्त चाकं लागतात. आपल्या श्रावकांना दिग्व्रत सांगितलं आहे, कोणत्या दिशेला किती जायचं याची मर्यादा. मनात येईल तिकडे जाईन, ही त्याच्या नेमकी उलटी गोष्ट. आणि चातुर्मास? ज्यांनी घर कायमचं सोडलं ते मुनीही चार महिने एका जागी राहतात. बारा महिने गाडीत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात ती कोणाच्या अंगणात उभी करायची ते आधी सांगावं.

चाकांवर राहणं आपल्याला नवीनही नाही. घिसाड्यांची बिऱ्हाडं आपण लहानपणापासून पाहिली आहेत. संसार बैलगाडीत, भाता रस्त्याच्या कडेला, आणि घण मारणारी बाई. कायमचा पत्ता नसला की कागदपत्रांपासून शाळेपर्यंत सगळं कसं अडतं, हे भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ च्या अहवालात मांडलं. त्यांना जो पत्ता मिळवण्यासाठी झगडावं लागतं, तो आपण हौसेपायी विकायचा? मतदार यादी, बँक, गॅसचं पुस्तक, गाडीची नोंदणीसुद्धा पत्त्यावरच होते.

कायदाही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजूर झालेलं मॉडेल आहे का, आर.सी.वर काय लिहून येणार, विमा कंपनीला काय कळवणार, हे लेखी घ्या. "आर.टी.ओ.चं मी बघतो" हे उत्तर नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती गाडी तुम्हाला चालवता येते का? हलक्या वाहनाचा परवाना एकूण ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला चालतो. त्याहून जड ट्रकवर घर बांधलं आणि रात्री दोनला स्पितीच्या रस्त्यावर यांच्या छातीत दुखलं, तर तुम्ही काय करणार? जी गाडी घरातली बाई चालवू शकत नाही, त्या गाडीत ती सामानासारखीच असते. म्हणून गाडी लहान घ्या, आणि आधी स्वतः शिका.

तेव्हा मैत्रिणींनो, अटी घाला. भर मे महिन्यात पंधरा दिवस गाडी भाड्याने घ्या. रोजचा स्वयंपाक त्यात करा, कपडे धुवा, टाकी आलटून पालटून दोघांनीही ओता. पंधरा दिवसांनंतरही दोघांना जावंसं वाटलं तर खुशाल बांधा, ओट्याचं माप तुमचं, गाडीच्या कागदावर नाव दोघांचं. घर मात्र विकू नका. भाड्याने द्या, पण एक खोली कुलूप लावून आपल्याकडे ठेवा. यापेक्षा कमी अटींवर मान डोलवू नका.

जय जिनेंद्र.