तेराव्या वर्षी पहिला डाव

एप्रिल जवळ आला की उन्हाळी क्रीडा शिबिरांच्या बातम्या बुलढाणा जिल्ह्यातही येऊ लागतात. त्या वाचून सर्वांत जास्त गोंधळतात ते आठवी-नववीतल्या, आजवर कुठल्याच संघात न खेळलेल्या मुलांचे पालक. कारण शिबिरं बहुधा दोनच तऱ्हांची असतात. एक चिमुकल्यांना पळवण्या-खेळवण्याची, दुसरी आधीपासून खेळणाऱ्यांना स्पर्धेसाठी तयार करण्याची. तेराव्या वर्षी पहिल्यांदा कबड्डीच्या मैदानात उतरू पाहणारं मूल पहिल्या शिबिरात लाजतं आणि दुसऱ्यात बाजूला बसतं. प्रत्येक तालुक्यात निव्वळ नवख्यांसाठी, निवड चाचणीशिवाय, सांघिक खेळांचं शिबिर असायला हवं. ही सोय म्हणजे चैन नव्हे. आपल्या क्रीडाव्यवस्थेत नेमकी इथेच मोठी फट आहे.

आपली शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत चालते. कबड्डी किंवा खो-खोच्या संघात बाराएक जण. पहिले दोन गट आणि मुलं-मुली असे चार संघ धरले, तरी पाचशे पटाच्या माध्यमिक शाळेतून एका खेळात पन्नासांच्या आतच मुलं उतरतात, आणि दोन-तीन खेळांत बऱ्याचदा तीच ती दिसतात. बरं, निवड होते ती कोणत्या वयात? तेरा-चौदाव्या वर्षी एकाला मिसरूड फुटलेली असते, तर दुसऱ्याची उंची अजून वाढायची असते. निवडणारा शिक्षक कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या डोळ्यांत भरतो तो आधी वाढलेला मुलगा. कॅनडातल्या आइस हॉकीचा अभ्यास करणाऱ्या रॉजर बार्न्सली यांनी 1980च्या दशकातच दाखवलं होतं की निवडलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत जन्मलेले फार जास्त असतात. वयोगटाची मोजणी 1 जानेवारीपासून होते, एवढंच त्याचं कारण. निवडलेल्याला सराव मिळतो आणि उरलेला मागे पडत जातो. दोन वर्षांनी त्या अंतरालाच आपण गुणवत्ता म्हणू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 2019मध्ये 146 देशांतल्या 11 ते 17 वयाच्या मुलांची माहिती मांडली. रोज तासभर अंग हलवण्याचा निकष 81 टक्के मुलं पूर्ण करत नव्हती, मुलींत हे प्रमाण 85 टक्के होतं. सांघिक खेळाचं मोल त्यापुढचं आहे. अमेरिकेतल्या 9 ते 13 वयाच्या 11 हजारांहून अधिक मुलांच्या 2022च्या अभ्यासात सांघिक खेळ खेळणाऱ्यांमध्ये चिंता, उदासी, एकलकोंडेपणा कमी आढळला. फक्त वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांत तसं दिसलं नाही. खेळामुळेच हे घडलं, असं त्या अभ्यासावरून छातीठोक म्हणता येत नाही. मोकळ्या स्वभावाची मुलं मुळातच संघात जात असतील. पण मग बुजऱ्या मुलांसाठी संघाचं दार मुद्दाम उघडावं लागतं, हेच त्यातून निघतं.

यावर आक्षेप येईल की पैसा आणि प्रशिक्षक अपुरे असताना ते गुणी खेळाडूंवरच खर्च व्हावेत. बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जवकार याने 2023मध्ये शांघायच्या विश्वचषकात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत भारतीय संघासोबत सुवर्ण मिळवलं. असे खेळाडू घडवायला निवडक, खडतर प्रशिक्षण लागतंच आणि ते कमी करा असं कोणी म्हणत नाही. पण नवख्यांच्या शिबिराला लागतं तरी काय? खो-खोला दोन खांब आणि आखलेलं मैदान, कबड्डीला भुसभुशीत माती. प्रशिक्षकांच्या जोडीला शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारे तरुण मानधनावर घेता येतील. शिवाय जानेवारी 2025मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला आणि त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे महाराष्ट्राचेच होते. मुलांना हा खेळ शिकावासा वाटण्याची याहून चांगली वेळ कोणती?

दुसरा आक्षेप उन्हाचा, आणि तो खरा आहे. बुलढाणा शहर घाटावर असल्याने तिथे निभावून जातं, पण मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावच्या सखल पट्ट्यात मे महिन्यात सकाळी नऊनंतर मैदानावर मुलं ठेवणं धोक्याचं. म्हणून दहा दिवसांच्या उन्हाळी शिबिराचा साचाच बदलायला हवा. जूनमध्ये विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात खऱ्या, पण तेव्हा पेरणीची घाई असते. दिवाळीच्या सुटीत सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं आणि कापूस वेचणीला घरातला प्रत्येक हात लागतो. उरतात डिसेंबर ते फेब्रुवारीचे रविवार. काळी माती वाळलेली असते, हवा चांगली असते आणि शालेय स्पर्धांची मुख्य धावपळ संपल्याने क्रीडाशिक्षकही थोडे मोकळे असतात. दहा-बारा रविवारांची सकाळ दिली, तर नवखं मूल चढाई, पकड, खो देणं, पडल्यावर उठणं एवढं नक्की शिकेल. आठवड्यातली एक सकाळ गेल्याने अभ्यास बुडत नाही.

मुलींसाठी मात्र एवढ्याने भागणार नाही. मैदानाजवळ स्वच्छ शौचालय, एखादी महिला प्रशिक्षक आणि एसटीच्या वेळेशी जुळणारी सुटी, यांतलं एक जरी नसलं तरी आई-वडील मुलीला पाठवायला कचरतात, आणि त्यांची काळजी रास्त आहे. पालकांनीही शिबिराची चौकशी करताना शुल्क आणि प्रमाणपत्राआधी विचारावं: याआधी कधीच न खेळलेली किती मुलं येणार आहेत, आणि त्यांना शिकवायला वेगळा प्रशिक्षक आहे का? दहावीच्या सवलतीच्या गुणांवर डोळा ठेवून उशिरा जागं होण्यापेक्षा हे प्रश्न आठवीत विचारलेले बरे. आणि आयोजकांनी पुढच्या जाहिरातीत, ‘खेळाचा अनुभव नसलेल्या 13 ते 15 वर्षांच्या मुला-मुलींसाठी’ ही ओळ ठळक छापावी.