रायफलीची निगा कोणी राखावयाची?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पन्नास मीटर रायफल नेमबाजीच्या ‘थ्री पोझिशन्स’ प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे जावी लागली. साहजिकच सत्कार झाले, बक्षिसे जाहीर झाली, भाषणांना ऊत आला. या साऱ्या जल्लोषात एका गोष्टीचा उल्लेख मात्र अभावानेच आढळला. ती म्हणजे त्याच्या हातातील पॉइंट टू-टू रायफल. अशी रायफल येते कोठून, तिची देखभाल कोण करतो, ती बिघडली तर न्यावयाची कोणाकडे? क्रिकेटपटूच्या बॅटीच्या वजनावर रकाने भरणारे आपण या प्रश्नाकडे वळत नाही. कारण बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येतो तो पोलिसांचा पंचनामा.

ठाणेकरांना तरी हा प्रश्न परका वाटू नये. २०२२ साली कैरो येथे दहा मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता ठरलेला रुद्रांक्ष पाटील हा ठाण्याचाच. वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतील एखाद्या शिक्षकाच्या, अथवा पोलीस वसाहतीतील एखाद्या हवालदाराच्या मुलीने त्याचे पाहून हा खेळ मनावर घेतला, असे समजू. पहिली पायरी अवघड नाही. दहा मीटर अंतर शाळेच्या सभागृहात मावते आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार वीस ज्यूलहून कमी ऊर्जेच्या छऱ्याच्या रायफलीस परवाना लागत नाही. खरी अडचण दुसऱ्या पायरीवर आहे. पॉइंट टू-टूला परवाना हवा. एकवीस वर्षांखालील मुलांना केवळ प्रशिक्षणापुरती सवलत. पन्नास मीटरचे मैदान सभागृहात मावत नाही. त्यासाठी वरळीचे महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान किंवा पुण्याचे बालेवाडी गाठावयाचे. स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे परदेशातून येतात आणि एकदा उडविली की संपतात. पगारदार कुटुंबाची शिडी बहुधा येथेच संपते. पण समजा, कोणी कर्ज काढून, प्रॉव्हिडंट फंडाला हात घालून हीही पायरी चढला. त्यानंतरचा प्रश्न निगा राखण्याचा आहे, आणि त्याचे उत्तर द्यावयास आपल्या व्यवस्थेत कोणी बसलेलेच नाही.

हा प्रश्न किती नाजूक आहे हे समजण्यासाठी काडतुसाची रचना थोडी पाहिली पाहिजे. पॉइंट टू-टूचे काडतूस ‘रिमफायर’ जातीचे असते. आजचे ‘लाँग रायफल’ काडतूस १८८७ पासून जवळजवळ त्याच रूपात चालत आले आहे. मोठ्या काडतुसात ठिणगी देणारे द्रव्य बुडाच्या मध्यावर वेगळ्या टोपीत असते. येथे ते बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. फायरिंग पिन कडेवर आपटते, कड चेपते आणि बार उडतो. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. पितळ पातळ म्हणून दाब कमी, धक्का कमी, आवाज कमी आणि किंमतही कमी. शिकाऊंच्या हाती जगभर हेच काडतूस दिले जाते ते यामुळे. परंतु गुणांच्या पोटातच दोषही आहेत. द्रव्य कडेत सर्वत्र सारखे पसरले नसेल, तर काडतूस फुसके निघते. शिशाच्या गोळीवरील मेणाचा लेप आणि अर्धवट जळलेली दारू यांचा थर आतील भागांवर साचतो. शिवाय वापरलेले काडतूस पुन्हा भरता येत नाही.

साध्या बोल्टच्या रायफलीत हा मळ चालून जातो. कारण प्रत्येक गोळी हाताने भरावयाची असते. अर्धस्वयंचलित शस्त्रात मात्र उडालेल्या काडतुसाच्याच जोराने बोल्ट मागे सरकतो, रिकामे कवच बाहेर फेकतो आणि परत येताना नवे काडतूस आत सारतो. चाप प्रत्येक वेळी ओढावा लागतो, एवढेच काय ते नेमबाजाचे काम. पॉइंट टू-टूच्या तुटपुंज्या जोरावर हा सारा संसार चालतो, म्हणून थोडा मळ, झिजलेला एक्स्ट्रॅक्टर किंवा मॅगझिनचा किंचित वाकलेला ओठ एवढ्यानेही तो अडतो. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत अर्धस्वयंचलित रायफल नसते, हे खरे. परंतु २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्णपदक जिंकले ते पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात, आणि ते पिस्तूल पॉइंट टू-टू अर्धस्वयंचलितच असते. वेगवान फेरीत अवघ्या तीन सेकंदांत हात उचलून गोळी झाडावयाची असते. तेथे अडकलेले काडतूस म्हणजे केवळ यंत्राचा बिघाड नव्हे. खेळाडूची एकाग्रताही त्याबरोबर जाते.

अमेरिकेत अशा रायफलींचा घरगुती छंदच होऊन बसला आहे. १९६४ पासून बाजारात असलेल्या रूगर कंपनीच्या ‘टेन ट्वेंटी-टू’ या रायफलीची नळी, चाप, दस्ता सारे काही लोक विकत आणून स्वयंपाकघरातील टेबलावर बदलतात. आपल्याकडे हे शक्य नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते शक्य नसणेच इष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात; म्हणजे बाजूला काढून ठेवलेली नळी हीदेखील कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच. दुरुस्तीचा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करण्यावरही बंधन घातले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरात पोलीस ठाण्यातच गोळीबार झाला, ही गोष्ट ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील रहिवासी विसरलेले नाहीत. बंदुकीवरील बंधने सैल करा, असे अशा शहरात कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

परंतु बंधन घालणाऱ्या शासनावर एक जबाबदारीही येते. नागरिकाने स्वतः हात लावू नये, असे आपण म्हणतो, तेव्हा हात लावणारा जाणता माणूस उपलब्ध करून देणे हे आपले काम ठरते. कायद्याने या खेळाची दखल घेतलेली नाही, असेही नाही. १९८३ च्या दुरुस्तीतच शस्त्रसंख्येच्या मर्यादेतून मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदांना सूट होती आणि त्या कलमात पॉइंट टू-टूचा नावानिशी उल्लेख होता. शस्त्र बाळगण्याची सोय १९८३ मध्ये सुचली. ते नीट ठेवण्याची सोय अद्याप सुचावयाची आहे.

ज्यांनी महाविद्यालयात एन.सी.सी. केली आहे त्यांना ‘पुल-थ्रू’ आणि ‘चिंदी’ हे शब्द आठवतील. फायरिंगनंतर दोरीला चिंदी बांधून नळीतून ओढावयाची, ती पांढरी निघेपर्यंत. सुभेदारसाहेबांपुढे ती धरताना परीक्षेच्या निकालापेक्षा अधिक धास्ती वाटे. त्या वयात तो जाच वाटला. त्यामागचे शास्त्र फार उशिरा कळले. पॉइंट टू-टूच्या नळीत दाब कमी असल्याने ती गोळ्यांनी फारशी झिजत नाही. ती खराब होते अडाणी सफाईने. लोखंडी गज तोंडाकडून घालून रगडला, की नळीचे तोंड घासले जाते आणि गोळी बाहेर पडताना किंचित कलते. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. तेथे ‘किंचित’ या शब्दाला जागा नाही. रिकाम्या रायफलीचा चाप उगाच ओढत राहण्याची सवयही अशीच घातक. पुष्कळ रिमफायर शस्त्रांत पिन कक्षाच्या कडेवर आपटून तेथे खळगा पाडते. त्यात ठाण्याचा पावसाळा. येऊरच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर कपाटातील पुस्तकांना बुरशी येते. तेथे पोलादाची काय कथा! फोमच्या पेटीत बंद करून ठेवलेली रायफल उघड्यावरच्या रायफलीपेक्षा लवकर गंजते, कारण फोम दमटपणा धरून ठेवतो. ही साधी गोष्ट पालकांना सांगणारा कोणी नसतो.

याहून महत्त्वाची बाब काडतुसांच्या निवडीची. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन वेगवेगळे घाणे एकाच नळीतून वेगळे चालतात. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपली नळी परदेशातील उत्पादकांच्या चाचणी केंद्रात नेतात, ती शिकंजात पक्की बसवून निरनिराळ्या घाण्यांच्या गोळ्या झाडून पाहतात आणि जुळेल तो घाणा वर्षभरासाठी विकत घेतात. महागडा दस्ता किंवा नवा चाप बसविण्याने जे साधत नाही ते पुष्कळदा या जुळवणीने साधते. रायफल ‘सुधारणे’ म्हणतात ते मुख्यतः हेच. वर्तकनगरच्या त्या मुलीला मिळेल तो डबा घ्यावा लागतो. गोळी भरकटली तर ती दोष आपल्या हाताला देते, आणि प्रशिक्षकही बहुधा तिच्याच हाताला देतो.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे काय? अंबरनाथची आयुध निर्माणी काडतुसांच्या पितळासाठी ओळखली जाते. तिच्या शेजारीच यंत्रांचे नमुने बनविणारी फॅक्टरी आहे. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ झाला तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. पोखरण रस्त्यावर रेमंडची गिरणी होती, आसपास इतर कारखाने होते. वर्तकनगरच्या घराघरांत मायक्रोमीटर धरणारे फिटर आणि टूलमेकर राहत. रेमंडची चाके थांबली, तेथे मनोरे उभे राहिले, आणि ती पिढी आता निवृत्त झाली आहे. चापाचा भार जुळविणे, पिनेची लांबी मोजणे, बोल्टचे बसणे तपासणे ही त्यांच्याच हातची कामे होती. वागळे इस्टेटमध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. फिटरच्या अभ्यासक्रमाला शस्त्रदुरुस्तीची एक वर्षाची जोड देऊन, पोलीस चौकशी करून, दरवर्षी मोजकीच मुले तयार करणे अवघड नाही. पोलीस दलात आर्मरर असतातच. त्यांच्यापैकी निवृत्तांनी शिकवावे.

त्यांना बसावयाला जागा मात्र मैदानाच्या आतच हवी, बाजारात नव्हे. पन्नास मीटरच्या प्रत्येक शासकीय मैदानाला लागून कुलूपबंद, नोंदवही ठेवणारी, पोलीस आयुक्तांच्या तपासणीस खुली अशी एक खोली असावी. तेथे एक परवानाधारक कारागीर, नळी पक्की धरणारा शिकंजा, दमटपणा शोषणारे कपाट आणि निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे असावीत. उघडलेल्या प्रत्येक रायफलीची, बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद तेथल्या तेथे व्हावी. आज बिघडलेले शस्त्र ओळखीच्या ओळखीने कोणाकडे तरी जाते आणि त्याचा कागद मागे राहत नाही. सुरक्षिततेची काळजी वाहणाऱ्यांनी आधी याची काळजी करावयास हवी. ठाणे जिल्ह्यात असे मैदान उभारावयाचे ठरले, तर त्याच्या नकाशात ही खोली पहिल्याच दिवशी दाखविली जावी. एरवी आपल्याकडे प्रेक्षकांची गॅलरी आधी बांधली जाते आणि दुरुस्तीची खोली पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलली जाते.